हिंगणघाटची पारख

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर भद्रावतीचे तीर्थ आहे. केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी निघालेले यात्रेकरू वर्षानुवर्षे या मार्गाने जातात. सेवाग्राम मागे पडल्यावर काही वेळाने हिंगणघाटचे स्थानक येते. गाडी क्षणभर थांबते, नवे प्रवासी चढतात, आणि गाडी पुढे निघते. यात्रेकरूंच्या मनात तोवर दर्शनाची ओढ लागलेली असल्यामुळे फलकावरचे नाव वाचण्यापलीकडे या गावाशी त्यांचा संबंध येत नाही. नागपूरहून मोटारीने निघालेले लोकही जामच्या चौरस्त्यावरून चंद्रपूरकडे वळतात. हैदराबादच्या दिशेने सरळ गेल्यास थोड्याच अंतरावर असलेले हे गाव त्यांच्याही वाटेत येत नाही.

व्यापारी कुटुंबाने मात्र येथे एकदा मुद्दाम उतरावे. वणा नदीच्या काठी वसलेले हे गाव पिढ्यान्‌पिढ्या एका विद्येवर जगले. ती विद्या म्हणजे मालाची पारख. शाळेत ती शिकवत नाहीत आणि तिची पदवीही मिळत नाही. ती अडत्याच्या गादीवर, वडिलांच्या शेजारी बसून, बोटांनी शिकावी लागते.

मुठीतला कापूस

एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे केवळ गावाचे नाव नव्हते. ते कापसाच्या एका प्रतीचे नाव होते. वर्धा नदीच्या खोऱ्यात पिकणारा ‘बनी’ जातीचा कापूस देशी वाणांत उत्तम गणला जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी मोल आले. त्या दिवसांत लिव्हरपूलच्या बाजारातही हिंगणघाटचे नाव भावासह उच्चारले जात होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडे फाटा निघाला, आणि शतक सरता सरता गावात सूतगिरण्या उभ्या राहिल्या. मारवाडातून आलेल्या पेढ्यांनी येथे मोठा व्यापार केला.

नावाला किंमत आली की नावाची नक्कल होते. चांगल्या कापसात आखूड धाग्याचा माल मिसळणे, गाठीत सरकी आणि कचरा दडवणे, रुई ओली करून वजन वाढवणे, हे प्रकार त्या काळी इतके माजले की मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. बनीचा शेवट मात्र भेसळीपेक्षा वेगळ्याच कारणाने झाला. ‘जरी’ नावाचा आखूड आणि जाड धाग्याचा वाण शेतकऱ्याला रुईचा उतारा अधिक देई. बाजाराने धाग्याच्या लांबीला पुरेसा जादा भाव दिला नाही, तेव्हा शेतकऱ्याने अधिक उतारा देणारे वाण पेरले, आणि ज्या कापसाने गावाचे नाव सातासमुद्रापार नेले तोच शेतातून मागे सरला. घेणाऱ्याने नुसत्या वजनाला पैसे मोजले तर चांगला माल बाजारातून निघून जातो, हा धडा या गावाने फार पूर्वी शिकला.

आजही हंगामात बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या लागतात. जाणता खरेदीदार गाडीवरचा वरचा थर पाहून भाव बोलत नाही. तो हात खोल घालतो आणि मधली मूठ बाहेर काढतो. सरकीवरचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळूहळू ओढतो, तंतू कुठे तुटतो ते पाहतो, तळहातावर ओलावा जोखतो, पिवळी कवडी किती आहे ते बघतो. वजन कापसाचे होत असले तरी त्याच्या मनात हिशेब रुईचा असतो, कारण एक क्विंटल कापसातून रुई निघते ती ढोबळमानाने एक तृतीयांश.

एका घरातला प्रश्न

गावातल्या एका जैन कुटुंबाची अशीच अडत होती. आता अडत राहिलेली नाही. मुलाने कापडाचे दुकान घातले आहे. आजोबा ऐंशीच्या पुढे आहेत, पण सकाळी दर्शन-पूजा आटोपून तासभर तरी गादीवर येऊन बसतात. नात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिने सी.ए. फाउंडेशनची तयारी आरंभली आहे. तिला लॅपटॉप हवा होता. व्याख्याने ऑनलाइन होती, सराव टॅली आणि एक्सेलवर करायचा होता, आणि मोबाइलच्या वीतभर पडद्यावर ताळेबंद वाचता वाचता तिचे डोळे दुखू लागले होते.

गरज सर्वांना मान्य होती. प्रश्न होता तो नवा घ्यायचा की वापरलेला. मनाजोगता नवा लॅपटॉप अठ्ठेचाळीस हजारांना पडत होता. यंदा कापूस घरी यायला उशीर झाला होता. शेतकऱ्याचा कापूस विकला गेल्याशिवाय कापडाची उधारी वसूल होत नाही, हे या गावात नवे नाही. वडिलांनी हप्त्यांचा विचार केला आणि मग एक तोड सुचवली. लॅपटॉप दुकानाच्या नावावर घ्यावा. अठ्ठेचाळीस हजारांत अठरा टक्के दराने जीएसटी सुमारे सात हजार तीनशे रुपये होतो. तो परत मिळेल. शिवाय आयकरात संगणकावर चाळीस टक्के घसारा मिळतो. हिशेब सोपा होता आणि बाजारात असे करणारे पुष्कळ होते.

आजोबांनी एवढेच विचारले, “दुकानात तो किती वेळ राहणार?”

वडील काही बोलले नाहीत. लॅपटॉप दुकानात राहणार नव्हता. घरगुती वापराच्या वस्तूवरचा कर परत मागता येत नाही, हे कायदाही सांगतो. जी मुलगी उद्या लोकांचे हिशेब तपासणार, तिच्या शिक्षणाची पहिली वस्तू खोट्या नोंदीने घरात यावी, हे आजोबांना पटत नव्हते. तो मार्ग तेथेच बंद झाला.

वापरलेल्या लॅपटॉपची गोष्ट निघाली तेव्हा नातीचा चेहरा उतरला. वर्गातल्या मैत्रिणींकडे नवे होते. आईला वेगळीच काळजी होती. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू सहा महिन्यांत बंद पडली, तर पैसा गेला आणि परीक्षाही गेली. अपरिग्रहाचे नाव घेऊन काटकसर करता येते. पण स्वस्त म्हणून आणलेली आणि कपाटात पडून राहिलेली वस्तू हाही परिग्रहच असतो, असे तिचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे नव्हते.

आकडेही कोड्यात टाकणारे होते. वापरलेले चांगले यंत्र दुरुस्तीसह बावीस हजारांच्या घरात जाईल आणि तीन वर्षे चालेल, असे धरले तर वर्षाला सुमारे सात हजार तीनशे रुपये पडतात. नवे यंत्र सात वर्षे टिकले तर वर्षाला सहा हजार आठशे-नऊशे. म्हणजे जुने घेतल्याने वर्षाचा खर्च कमी होत नव्हता; उलट थोडा वाढतच होता. फरक होता तो आज हातातून जाणाऱ्या सव्वीस हजारांचा आणि हप्त्याच्या ओझ्याचा. मग आजोबांनी अडत्याचा प्रश्न विचारला: हा माल किती दिवसांसाठी हवा आहे? फाउंडेशन, मग इंटरमीडिएट, आणि त्यानंतर दोन वर्षांची आर्टिकलशिप. आर्टिकलशिप लागली की विद्यावेतन सुरू होते आणि तेव्हा कामाचे स्वरूपही बदलते. पहिले दोन-तीन वर्षे निभावतील असे यंत्र पुरेसे होते. सात वर्षांचे आयुष्य आजच विकत घेण्याची गरज नव्हती.

साखळी आणि थिओडोलाइट

जुनी साधने पारखून घेणारा आणखी एक माणूस हिंगणघाटच्या मातीत विसावला आहे. २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादहून नागपूरकडे जाताना विल्यम लॅम्बटन येथे मरण पावला. त्याची कबर याच गावात आहे. हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत पोहोचलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ त्याने केला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला त्याने सुरुवात केली, आणि तेवढे अंतर मोजायला त्याला ५७ दिवस लागले. पुढची एकवीस वर्षे तो त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिला. १८१८ मध्ये या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले.

एवढ्या मोठ्या कामाची काही साधने मुळात दुसऱ्याच कुणासाठी बनली होती. लंडनच्या रॅम्सडेन या प्रसिद्ध कारागिराने केलेली पोलादी साखळी आणि आकाशातील ताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र या वस्तू १७९३ च्या मॅकार्टनी वकिलातीबरोबर चीनच्या सम्राटाला भेट म्हणून गेल्या होत्या. तेथे त्या स्वीकारल्या गेल्या नाहीत. वकिलातीतले शास्त्रज्ञ डॉ. डिनविडी यांच्याबरोबर त्या कलकत्त्यास आल्या आणि तेथून लॅम्बटनच्या कामासाठी विकत घेतल्या गेल्या. ती साखळी शंभर फुटांची होती, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. दुसऱ्याने नाकारलेली वस्तू म्हणून लॅम्बटनने तिला कमी लेखले नाही, पण डोळे झाकून तिच्यावर विश्वासही ठेवला नाही. उन्हाने पोलाद वाढते आणि वापराने सांधे ढिले होतात, हे तो जाणत होता. म्हणून कामाची साखळी दुसऱ्या प्रमाण साखळीशी ताडून पाहिली जाई आणि तापमान टिपून हिशेबात धरले जाई.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट नवे होते. लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेले हे यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे होते आणि त्याचे आडवे वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते. हिंदुस्थानकडे येताना ते फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला गेले आणि तेथून सुखरूप परत पाठवले गेले. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर ते चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोनमापनाचा जीव ज्या वर्तुळात होता, ते वर्तुळच वाकले. दुसऱ्या कुणी ते यंत्र टाकून दिले असते. लॅम्बटनने कारागिरांच्या मदतीने सुमारे सहा आठवडे खपून पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते वर्तुळ ताणत ताणत पुन्हा आकारात आणले, आणि त्याच यंत्राने पुढचे काम केले. त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० नंतर हेन्री बॅरो या कारागिराकडून ते नव्याने बांधवून घेतले. बॅरोनंतर खात्याच्या यंत्रांची जबाबदारी सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आली. ते मूळचे दक्षिणेतले जवाहिऱ्याचे काम करणारे कारागीर. त्यांच्या हातात यंत्रांचा जीव कळण्याची विद्या होती.

नातीला यातली एक गोष्ट विशेष वाटली. त्या सर्वेक्षण खात्यात ‘कॉम्प्युटर’ हे माणसाच्या पदाचे नाव होते. निरीक्षणांवरून गणित करणाऱ्याला कॉम्प्युटर म्हणत. बंगालचे राधानाथ सिकदार १८३१ मध्ये याच पदावर रुजू झाले आणि पुढे खात्याचे मुख्य कॉम्प्युटर झाले. ज्या यंत्राच्या जुन्या-नव्याची घरात इतकी चर्चा चालली होती, ते नाव पूर्वी बुद्धीने काम करणाऱ्या माणसाचे होते, हे ऐकून ती थोडी हसली. वापरलेल्या वस्तूबद्दलची तिची अढी तेवढ्याने गेली नाही, पण सैल झाली.

बिलाच्या पाठीवरची यादी

नागपूरला जाण्यापूर्वी आजोबांनी गावातल्या एका दुरुस्तीवाल्या तरुणाला गाठले. आपण यंत्र कुठूनही आणले तरी पुढे ते उघडणार हाच, तेव्हा आधी त्याला विचारावे, असा त्यांचा विचार. तरुणाने एका जुन्या बिलाच्या पाठीवर यादी लिहून दिली.

पहिली गोष्ट प्रोसेसरच्या पिढीची. इंटेलच्या आय-फाइव्ह या नावापुढचा आकडा पाहावा. ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८३५० म्हणजे आठवी. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी किंवा त्यानंतरची पिढी लागते. त्याहून जुन्या यंत्रात कुणी आडवाटेने विंडोज ११ घालूनही देतो. पण अशा यंत्राला सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहतील, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे आणि कराचे व्यवहार होणार, तेथे हा धोका पत्करू नये. लिनक्स ही दुसरी प्रणाली जुन्या यंत्रांवर चांगली चालते, मात्र टॅलीला विंडोजच लागते.

दुसरी गोष्ट मेमरीची. आठ जीबी तरी असावी आणि पुढे वाढवता येण्याजोगी असावी. काही सडपातळ यंत्रांत ती बोर्डालाच जोडलेली असते. तिसरी, आत फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी. चौथी, बॅटरी. विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन्ही आकडे येतात. पाचवी, बिजागऱ्या, कळफलकाची प्रत्येक कळ, पडद्यावरचे मृत ठिपके, चार्जर मूळचा आहे की बदललेला. शेवटची ओळ त्याने अधोरेखित केली होती: मागचा अनुक्रमांक, चालू केल्यावर आतून दिसणारा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच असला पाहिजे.

“काकाजी, चमक पाहू नका,” तो म्हणाला. “पॉलिश करायला दोनशे रुपये पुरतात.”

आजोबांनी मान डोलावली. गाडीवरच्या वरच्या थराविषयी त्यांना कुणी सांगावे लागत नव्हते.

सीताबर्डीतली तीन यंत्रे

नागपूरच्या सीताबर्डीत वडील, आजोबा आणि नात असे तिघे सकाळीच पोहोचले. एका दुकानात त्यांच्यापुढे तीन लॅपटॉप मांडले गेले.

पहिला चौदा हजारांचा होता. झाकणावर नवे आवरण, मेमरी सोळा जीबी, आणि पडदा उघडताच विंडोज ११ ची निळी फुले. नातीचा हात आपोआप त्याच्याकडे गेला. तिनेच माहितीचे पान उघडले आणि तिनेच आकडा वाचला: ६३००. सहावी पिढी. तिने काही न बोलता झाकण मिटले.

दुसरा पंधरा हजारांचा होता, आणि तो खरोखर उत्तम होता. दहावी पिढी, बॅटरी जवळजवळ नवी, कुठे ओरखडा नाही. एवढे चांगले यंत्र एवढ्या कमी किमतीत का, हा प्रश्न आजोबांनी विचारला, तेव्हा विक्रेता म्हणाला की माल कंपनीतून आला आहे, बिल तेवढे मिळणार नाही. नातीने यादीप्रमाणे यंत्र इंटरनेटला जोडून नव्याने सुरू करण्यास सांगितले. पडद्यावर एका कंपनीचे नाव आले आणि तिच्या कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द मागितला गेला. यंत्र अजून कुणा दुसऱ्याच्या ताब्यात होते. ते चोरीचे असेल किंवा नुसते निष्काळजीपणे बाहेर पडलेले असेल. घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता.

अचौर्य अणुव्रताचे अतिचार ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले आहेत, त्यांना तदाहृतादान हा शब्द नवा नाही. स्वतः चोरी न करता चोरून आणलेली वस्तू घेणे, हाही दोषच. खोटी मापे वापरणे आणि उत्तमात हलके मिसळून विकणे यांच्या पंगतीतच त्याला बसवले आहे. पूर्वाचार्यांपुढे लॅपटॉप नव्हता, पण बाजार होता. आणि बाजारात स्वस्ताचे कारण न विचारणे किती सोयीचे असते, हे ते जाणून होते. आजोबांनी यंत्र परत केले. कुणाला दोष दिला नाही, उपदेशही केला नाही.

तिसरा एकोणीस हजार पाचशेचा होता. आय-फाइव्ह ८३५०, मेमरी आठ जीबी, एसएसडी दोनशे छप्पन. झाकणाच्या कोपऱ्यावर ओरखडे होते आणि मध्यभागी जुने लेबल काढल्याचा चौकोनी डाग. अनुक्रमांक तिन्ही ठिकाणी जुळत होता. जीएसटीचे बिल आणि सहा महिन्यांची लेखी हमी मिळत होती. बॅटरीच्या अहवालात मूळ क्षमतेच्या साठ टक्क्यांहून थोडी अधिक क्षमता उरलेली दिसली. विक्रेत्याने ती लपवली नाही. तिचे पैसे पाचशे कमी करतो, म्हणाला.

आजोबांनी तासभर यंत्र चालू ठेवायला सांगितले. नातीने एक व्याख्यान लावले, शेजारी एक्सेलची मोठी वही उघडली, सर्व कळा दाबून पाहिल्या. पंखा आवाज करत होता, पण थांबत नव्हता. पाठ कोमट झाली, तापली नाही. वडील एवढा वेळ मनात बॅटरीचा खर्च मिळवत होते. नवी बॅटरी बसवून सगळे बावीस हजारांच्या आत बसत होते.

निर्णय आजोबांनी नातीवर सोडला. तिने एकदा काचेच्या कपाटातल्या नव्या यंत्रांकडे पाहिले. ते पाहणे कुणी चुकवले नाही. मग ती म्हणाली, “बाबा, हाच घेऊ. पण डाग आहे तसाच राहू द्या. वर काही चिकटवायचं नाही.”

वहीतली नोंद

परतीच्या वाटेवर बुटीबोरी आणि जाम मागे पडले, तेव्हा ऊन कलायला लागले होते. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे म्हणून गाडी कुठे थांबवली नाही. हिंगणघाटजवळ कापसाने भरलेल्या दोन गाड्या महामार्गाच्या कडेने संथ चालल्या होत्या. आजोबांनी काच खाली केली आणि सवयीने वरच्या थराकडे पाहिले. पाहिले एवढेच, आता भाव बोलायचा नव्हता.

जुने घ्यावे की नवे, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर या कुटुंबाला सापडले नाही, आणि असे उत्तर नाहीच. ज्या घराला सहा-सात वर्षे एकच यंत्र वापरायचे आहे, ज्यांच्याकडे आज पैसा मोकळा आहे आणि ज्यांच्या गावात विश्वासाचा दुरुस्तीवाला नाही, त्यांनी नवे घेणेच शहाणपणाचे. ज्या दुकानात यंत्र खरोखर दुकानासाठीच राबणार आहे, तेथे कराचा परतावा आणि घसारा धरला तर नव्याचे पारडे आणखी जड होते. आणि लॅपटॉपमुळे पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. म्हणून चांगले जुने यंत्र आणखी तीन वर्षे चालवणे यात हिंसा थोडी कमी होते, हाही विचार काहींना महत्त्वाचा वाटेल. मात्र कोणत्याही बाजूने निर्णय घेतला तरी मधली मूठ काढून पाहावी लागते. वस्तूत काय उरले आहे, ती कुठून आली आहे आणि बिघडल्यावर तिला कोण उघडणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ओढलेला पुंजका पुन्हा गाडीवर ठेवून द्यावा, अशी या गावाची रीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या तरुणाने बॅटरी बदलली, आत साचलेली धूळ ब्रशने काढली आणि पंखा साफ केला. त्याने मागच्या मालकाची राहिलेली एक-दोन कागदपत्रे दाखवली आणि विचारले, की पुसू का. नात म्हणाली, न वाचता पुसा. मग सगळी डिस्क स्वच्छ करून विंडोज नव्याने बसवले गेले. संध्याकाळी दिवाणखान्यात तिने पहिले व्याख्यान ऐकले. विषय होता लेखांकनाची मूलतत्त्वे. आजोबा थोडा वेळ ऐकत बसले. उधार बाजू आणि जमा बाजू हे शब्द त्यांना ओळखीचे वाटले, बाकीचे तिच्यावर सोडून ते उठले.

रात्री वडिलांनी वह्या काढल्या. दुकानाची वही हाताशी होती, पण त्यांनी ती बाजूला सारली आणि कपाटातून घरखर्चाची वही आणली. तीत त्यांनी तारीख घातली आणि एक ओळ लिहिली: लॅपटॉप, वापरलेला, बॅटरीसह, रुपये एकवीस हजार चारशे. बिल जोडले आहे.